उशाजवळचा सांधा

आक्का कधी फोन करत नाही. तिला ऐकू येत नाही, आणि कानात मशीन घातलं तरी फोनवरचं बोलणं तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे गेली सात-आठ वर्षं माझ्या या थोरल्या बहिणीचा प्रत्येक निरोप मला तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या फोनवरून आणि दाजींच्याच आवाजात मिळत आला. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी दाजींचा नंबर वाजला. मी उचलला, नेहमीसारखं ‘बोला दाजी’ म्हणालो, आणि पलीकडून आक्का बोलायला लागली. ‘‘वसंता, मी इंदू. तू काय बोललास तरी मला ऐकू येणार न्हाय, मशीन बंद हाय. तू नुसतं ऐक. ह्ये गाडीच्या मागं पडल्यात. उठंनात. कोगनोळीच्या मळ्यात हाय आमी. तू ये.’’ मी येतो म्हणालो. तिनं तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मी पुन्हा येतो म्हणालो. असं तीनदा झालं. मग माझ्यापर्यंत पोचलं असेल असं तिचं तिनंच ठरवलं आणि फोन ठेवला. त्यानंतरही मी बंद फोनमध्ये एकदा ‘येतो’ म्हणालो, हे मला बायकोनं नंतर सांगितलं.

शहापूरहून कोगनोळीला जायला दीड तास लागतो. त्या दीड तासातलं मला जे आठवतं ते सांगायची लाज वाटते. मी पेट्रोल भरलं. चाकातली हवा बघून घेतली. संकेश्वरच्या अलीकडं एका ट्रकच्या मागं बराच वेळ अडकलो होतो, त्याच्या पाठीवर कुठल्या देवाचं नाव कुठल्या रंगात लिहिलं होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे. दाजी गेले असतील हे मला आक्काच्या आवाजावरून कळलेलं होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. आत कुणीतरी फ्यूज काढून ठेवल्यासारखं झालं होतं. आजही फार वेगळं नाही... बारावा झाला, तेरावा झाला, माणसं येऊन गेली, मी सगळ्यांना पाणी दिलं, सतरंज्या घातल्या आणि काढल्या.

मळ्यात पोचलो तेव्हा आक्का गाडीच्या पायरीवर बसली होती. शेजारी चहाचे दोन कप होते आणि दोन्हींवर साय धरली होती. इचलकरंजीला दाजींच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, त्यासाठी दोघं आदल्या दुपारी खासबागेतल्या घरातून निघालेली. अंधारात गाडी चालवायला दाजींना दिसत नसे, म्हणून कोगनोळीच्या टोलनाक्याच्या अलीकडं ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात मुक्काम केला होता. सकाळी दाजी बोअरच्या नळावर तोंड धुवायला गेले आणि परत येताना मागच्या चाकाशी कोसळले. त्या गाडीतच पलंग-ओटा केलेला आहे, आक्का आत पाठमोरी चहा करत होती. चहा झाल्यावर तिनं हाक मारली, थोडी वाट बघितली आणि कप घेऊन खाली उतरली. मधे किती वेळ गेला ते कुणालाच माहीत नाही. मळ्याचा मालक पलीकडं वैरण काढत होता, त्यानंही काही ऐकलं नव्हतं. निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कन्नडात विचारलं, किती वाजता पडले, पडल्यावर काही बोलत होते का. माहीत नाही, असं मीही कन्नडातच सांगितलं. आक्का आळीपाळीनं आमच्या दोघांच्या ओठांकडं बघत होती.

नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं मला विचारलं, ‘‘त्यांनी हाक मारली असंल व्हय रं?’’ ऐकू न येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. अख्खा व्हरांडा आमच्याकडं वळून बघायला लागला. मी मान हलवली, नाही म्हणून. तिचा विश्वास बसला नाही. ‘‘डबी सकाळी रिकामीच हुती. रात्री पिन मी नीट बसवली न्हाय वाटतं. रोज ह्ये बघायचे, काल दमून लवकर झोपले. मीच बसवली न्हाय.’’ तिची कानातली मशीन्स रात्री एका डबीत ठेवून चार्ज करावी लागतात. त्या डबीला स्वतःची बॅटरी नाही, वायर जोडली तरच ती भरते आणि तिच्यावरचा बारीक दिवा लागतो. त्या सकाळी दोन्ही मशीन्स मेलेली होती, आणि ती का मेली याचं आक्काच्या लेखी एकच उत्तर होतं. पुढचा दीड महिना, जो कुणी भेटायला येईल त्याला तिनं तेच सांगितलं. मी पिन बसवली न्हाय. हाक मारली असेल का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि कुणाजवळही असणार नाही. पिनेचं उत्तर मात्र होतं. ते कुठं सापडेल हेही मला माहीत होतं, आणि तरीही मी तिकडं फिरकलो नाही. ते लिहायलाच बसलोय. पण आधी दाजींबद्दल.

खासबागेत त्यांना सगळे परशरामअण्णा म्हणत. घराच्या मागच्या शेडमध्ये सहा यंत्रमाग होते, साड्या निघायच्या. मीसुद्धा विणकराच्याच घरातला, शहापुरातला, पण माझ्या बोटांत ते कसब आलं नाही. मी टेलिफोन खात्यात लागलो आणि नोकरीभर जमिनीखालच्या केबलींचे सांधे केले. सांधणं हेच दाजींचंही खरं काम. मागावरचा बीम, म्हणजे उभ्या सुताच्या तारा गुंडाळलेला रूळ, संपत आला की जुन्या तारा उपसून टाकत नाहीत. जुन्या प्रत्येक तारेच्या शेपटाला नव्या बीमची एकेक तार सांधतात, आणि जुनं पुढं ओढलं की नवं आपोआप त्याच्या मागनं येतं. बोट जिभेला लावायचं, दोन टोकं एकत्र धरून पीळ द्यायचा, की झालं. अशा हजारो तारा. दाजींची बोटं त्या कामात दिसायची नाहीत, इतकी भरभर चालायची. माझ्या कामाची ते कायम थट्टा करत. ‘‘तू पगार घिऊन सांधतोस, मी थुकी लावून सांधतो. टिकतंय कुणाचं बघू.’’ जुनं तोडायचं नाही हा त्यांचा धर्मच होता. चपलेला अंगठा सांधलेला, छत्रीला काडी सांधलेली, आक्काच्या चष्म्याची दांडी तर साडीच्या जरीनं सांधलेली. या कंजूषपणावरून मी त्यांना बोलायचो आणि ते हसायचे.

माग चालू असले की त्या घरात तोंडानं बोलून उपयोग नसे. सगळं हातावर चाले. पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली की जेवायला चला. अंगठा वाकडा केला की चहा. एखादं काम झालं, सगळं ठीक आहे असं सांगायचं तर उघडा पंजा वर. लग्न होऊन गेल्या दिवसापासून आक्का त्या खडखडाटात बसून कांड्या भरत आली. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची बारीक गुंडाळी, ती संपली की दुसरी लागते, त्यामुळे तिला उठायची सोय नसे. तिचे कान कधी गेले ते तिलाही कळलं नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची कडी. हातावर बोलायची सवय असल्यानं बरीच वर्षं ते खपून गेलं. एका लग्नात कुणीतरी तिला विचारलं की तब्येत कशी आहे, आणि ती म्हणाली, वांग्याची भाजी झकास झालीय. सगळे हसले. दाजी हसले नाहीत, हे मी बघितलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आवाजानं आतल्या शिरा झिजल्यात, आता मशीनशिवाय इलाज नाही. कसला आवाज, हे त्यांनी विचारलं आणि दाजींनी सांगितलं. परतताना रिक्षात दाजी एवढंच बोलले, ‘‘माझ्या मागांनी तिचं कान खाल्लं, वसंता.’’ आठवड्याभरात दोन माग बंद झाले, वर्षभरात शेड मोकळी.

पण खासबागेत एका घरानं माग बंद केले म्हणून आवाज थांबत नाही. उजवीकडं माग, डावीकडं माग, समोर माग. कानातलं मशीन सगळंच मोठं करतं, खडखडाटही. आक्का मशीन घालायची आणि दहा मिनिटांत काढून ठेवायची. ऐकायचं तर तिला मागांपासून लांब न्यायला हवं होतं, आणि नातेवाईकांकडं जाऊन राहायचं म्हटलं तर आमचे सगळे नातेवाईक विणकर. तेव्हा दाजींनी एक जुनी शाळेची गाडी आणली. पिवळी, खिडक्यांना आडवे गज असलेली. ज्या शेडमध्ये सहा माग होते तिथं ती गाडी उभी राहिली आणि दाजी तिच्या आत शिरले ते वर्षभर बाहेरच आले नाहीत म्हणा. बाकं काढून पलंग केला, ओटा केला, छतावर सोलरचं पॅनेल, पलंगाखाली दुसरी बॅटरी. असल्या गाडीला कॅम्पर म्हणतात हे त्यांना माझ्या भाच्यानं, म्हणजे त्यांच्याच मुलानं सांगितलं. दाजी शेवटपर्यंत तिला शाळाच म्हणत. ‘‘शाळंत चाललोय’’ असं सांगून साठी उलटलेला माणूस बायकोला घेऊन निघायचा.

पहिल्या खेपेला ती दोघं लोंढ्याकडच्या जंगलात गेली. गाडीत चार्जिंगसाठी जुनीच सोय होती, पूर्वी मोटारीत सिगारेट पेटवायला असायचं तसलं गोल भोक. त्यात अडॅप्टर खुपसायचा. खड्डा आला की तो ढिला व्हायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा ढिला. आक्काच्या डबीत रात्रभर काहीच भरलं नाही. पहाटे दाजींनी तिला बाहेर आणून झाडाखाली बसवलं. त्यांनी मला सांगितलं ते असं की वर नुसता पक्ष्यांचा बाजार भरला होता आणि ही झाडाकडं बघतच नव्हती. ती दाजींच्या तोंडाकडं बघत होती. त्यांचा चेहरा खुलला की ही मान हलवायची, लई छान हाय म्हणायची. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. दाजी त्या दिवशी तसेच माघारी आले.

मग नवे पोर्ट बसवायचं खूळ सुरू झालं. हल्लीच्या वस्तूंना जी चपटी टाईप-सी पिन लागते ती घट्ट बसते, हलत नाही. तसली तोंडं असलेले चार गोल पोर्ट त्यांनी आणले. एक चालकाच्या जागेपाशी, एक ओट्याजवळ, एक पायथ्याला आणि एक आक्काच्या उशाजवळ. साडीच्या काठाची नक्षी काढायच्या चौकटीच्या कागदावर त्यांनी वायरींचा नकाशा काढला, लाल चौकटी जाणाऱ्या, काळ्या येणाऱ्या. प्लायवूडवर भोकाचा गोल आखायला जुनी लाकडी कांडी वापरली, ती बरोबर मापाची निघाली याचा त्यांना कोण आनंद. पत्र्यामागून नवी वायर न्यायची तर पत्रा उचकटावा लागतो, असं मी म्हणालो. दाजींनी जुन्या वायरीच्या शेपटाला नवी बांधली, दुसऱ्या टोकानं जुनी ओढली आणि नवी सुळकन बाहेर आली. ‘‘बीम जोडला,’’ म्हणाले. मला मान्य करावं लागलं की टेलिफोन खात्यात कुणी याहून चांगलं केलं नसतं. फक्त जुन्या वायरी त्यांनी सगळ्या काढल्या नाहीत. बॅटरीकडचा भाग चांगला आहे म्हणून ठेवला आणि नवं त्याला सांधलं. फास्ट चार्जिंगला जास्त करंट लागतो, बारीक वायर तापेल, प्रत्येक पोर्टला वेगळा फ्यूज घाला, असं मी दहादा बजावलं. फ्यूज त्यांनी घातले. वायरीचं ऐकलं नाही.

पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी होती. गणपतीनंतर बघतात तर चारपैकी तीन पोर्ट बंद. मला बोलावणं आलं. मी ओट्यामागची फळी काढली, सांध्यावरची काळी टेप सोडवली आणि बघतच राहिलो. तांब्याच्या तारा हिरव्यागार झाल्या होत्या. दुसरा सांधा तसाच, तिसराही तसाच. तांब्याला ओल लागली आणि वर टेप गुंडाळली की हे होतं, पण ओल येणार कुठून? छत गळत नव्हतं. मी दाजींना म्हणालो, एक सांधा माझ्यासमोर करून दाखवा. त्यांनी वायर सोलली, तारा मोकळ्या केल्या, आणि त्यांचं बोट आपसूक जिभेकडं गेलं. मी इतका हसलो की आक्का घरातून बघायला आली. तिला हातांनीच सांगितलं, बोट जिभेला आणि मग पीळ. ती पायरीवर बसून पोट धरून हसायला लागली. दाजी तेवढे गंभीर. त्यांना आपण काय केलं ते कळलंच नव्हतं. बोटाला ओल नसली तरी दोन टोकं एकत्र येतात हे त्या माणसाला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी माझी जुनी पेटी घेऊन गेलो. बारीक वायरी सगळ्या बाहेर काढल्या, बॅटरीपासून जाड नव्या टाकल्या, सांधे दाबून बसवायच्या नळ्यांनी केले, त्यावर गरम करून आवळणारं आवरण घातलं. दाजी शेजारी उकिडवे बसून मला हत्यारं देत होते. एवढं गप्प बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. सगळं उरकलं, फक्त उशाजवळचा पोर्ट राहिला. तेव्हा ते म्हणाले, ‘‘ह्यो एक मी करतो. तिच्या उशाचा हाय.’’ मी पक्कड त्यांच्या हातात दिली. आक्का चहा घेऊन आली होती, मी समोर कप घेऊन बसलो. त्यांनी सांधा केला, आवरण घातलं, काडी पेटवून ते आवळलं आणि माझ्याकडं बघितलं. मी उघडा पंजा वर केला.

ते चारही पोर्ट उत्तम चालले. थंडीत दोघं पुन्हा लोंढ्याकडं गेली. दुपारी दाजींचा फोन आला, आवाज बारीक केलेला, जणू देवळात उभे आहेत. सागाची वाळकी पानं गाडीच्या टपावर पडत होती. आक्का पलंगावर पडली होती, एकदम उठून बसली आणि म्हणाली, वर कोण चालतंय? ‘‘पान ऐकलं तिनं, वसंता. वाळकं पान.’’ एवढं बोलून ते बराच वेळ फोन धरून राहिले, मला मागं खरोखर पान पडल्याचा आवाज आला की मी तसा समजून घेतला, कोण जाणे. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्यांची शाळा भरायला लागली. आक्कानं काय काय ऐकलं याची यादी मला फोनवर मिळायची. ओढा, बेडूक, लांबून जाणारी मालगाडी. दाजी घोरतात हेही तिला तेव्हाच कळलं, आणि ती त्यांना म्हणाली म्हणे की बहिरी होते तेच बरं होतं. आणि रोज झोपायच्या आधी दाजींचा एक ठरलेला प्रश्न. आक्का डबीची पिन पोर्टमध्ये घालायची आणि ते या कुशीवरून विचारायचे, ‘‘दिवा लागला का?’’ मशीन्स डबीत गेलेली असल्यानं तिला तो ऐकू जायचा नाही. ती अंदाजानं पंजा वर करायची, तरीही ते उठून वाकून बघायचे. मे महिन्यात एकदा मी त्यांच्याबरोबर मुक्कामाला होतो, तेव्हा मी हे बघितलंय. कोगनोळीच्या रात्री मात्र ते दमले होते. उठले नाहीत.

दाजी गेल्यावर मळ्यातून गाडी भाच्यानं आणली आणि शेडमध्ये लावली. आक्का रोज दुपारी तिच्यात जाऊन बसते, मशीन्स तिथंच चार्ज करते. घरात चार सॉकेट आहेत, पण नाही. त्यातही उशाजवळच्या पोर्टला ती हात लावत नव्हती, चालकाच्या जागेपाशी बसायची आणि तिथला पोर्ट वापरायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तिथं माझ्या हातनं चुकतंय. सुनेनं, शेजारणींनी, सगळ्यांनी तिला समजावलं की तुमचा काही दोष नाही. समजावण्यानं काय होतं? पेटी घेऊन जायचं, फळी काढायची, बघायचं, दहा मिनिटांचं काम. रोज सकाळी उठलो की आज जाऊ म्हणायचो आणि काहीतरी दुसरं काढायचो. घरातल्या सगळ्या पंख्यांना तेल देऊन झालं.

गेल्या गुरुवारी गेलो. आक्का घरात होती. चालकाच्या जागेपाशी तिची डबी चार्ज होत होती, दिवा लागलेला. मी मागं गेलो, उशी बाजूला केली, फळीचे चार स्क्रू काढले. दाजींनी केलेला सांधा वरून छान दिसत होता. आवरण कापायला पातं लावलं आणि थोडं ओढलं तर सांधा हातातच सुटला. आत हिरवी भुकटी. बोटांना लागली ती अजून नखाच्या कडेला असल्यासारखी वाटते. म्हणजे त्या रात्री आक्कानं पिन बसवली असो की नसो, डबीत काही जाणारच नव्हतं. तो सांधा कापून खिशात घालावा, नवा करावा, फळी लावावी आणि गप्प बसावं, असंही मनात आलं. गेलेल्या माणसाच्या माथी हे कशाला मारायचं? पण मग दुपारी येऊन चालकाच्या जागेवर बसणारी आक्का डोळ्यांसमोर आली. मी शेडच्या दाराशी जाऊन तिला हातानं बोलावलं.

ती आत आली. तिच्या कानात मशीन्स नव्हती. मी तिच्या तळहातावर ती दोन हिरवी टोकं ठेवली, माझं बोट जिभेला लावलं आणि हवेत पीळ दिला. ती बराच वेळ बघत राहिली. वाटलं, तिला कळलं नाही. मग तिनं डबीकडं बघितलं, उशाकडं बघितलं, हातातल्या तारांकडं बघितलं. ‘‘म्हंजे पिन मी बसवलीती,’’ ती म्हणाली. मी मान हलवली. ‘‘मी बसवलीती व्हय रं?’’ मी पुन्हा मान हलवली. ती तिथंच पलंगावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. दवाखान्यात, स्मशानात, तेराव्याला, कुठंही ती अशी रडली नव्हती. मी पाठमोरा होऊन नवा सांधा करत राहिलो. तसं पाठमोऱ्यानंच मी तिला आणखी एक गोष्ट मोठ्यानं सांगितली. सगळी सांगितली, काही ठेवलं नाही. मशीन्स डबीत होती हे मला माहीत होतं. तिला एक शब्दही ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी बोललो.

फळी लावली. आक्कानं डोळे पुसले, पुढं जाऊन डबी काढून आणली आणि उशाजवळच्या पोर्टमध्ये पिन घातली. मग माझ्याकडं न बघता, शेड दणाणेल एवढ्या मोठ्यानं तिनं विचारलं, ‘‘दिवा लागला का?’’ हा प्रश्न तिनं त्या गाडीत कधी ऐकलेला नव्हता, फक्त रोज रात्री दाजींच्या ओठांवर बघितला होता. लागला होता. मी उघडा पंजा वर केला. तेवढ्यानं तिला पुरलं नाही, तिनं स्वतः वाकून बघितलं. ती हिरवी टोकं तिनं देवघरात ठेवलीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी. सुनेला ते पटलेलं नाही.

माझ्याकडचं मात्र अजून फिटलेलं नाही. जन्मभर मी सांधे केले. दुसऱ्यानं केलेला सांधा ओढून बघितल्याशिवाय पुढं सोडायचा नाही, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. त्या रविवारी उशाजवळचा सांधा मी ओढून बघितला नाही. थोरल्या माणसाला, तेही आठवडाभर थट्टा सोसलेल्या माणसाला, बायकोसमोर पुन्हा लाजवायला नको, एवढंच मनात होतं. एवढ्याशा ओलीनं काय होतंय, असंही वाटलं... गुरुवारी पाठमोऱ्यानं सांगितलं ते हेच. समोर बसून, तिच्या कानात मशीन्स असताना सांगायचं धैर्य माझ्यात नाही. पण आक्काला वाचायला कान लागत नाहीत. रविवारची पुरवणी ती जरीनं सांधलेला चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, म्हणून हे इथं लिहिलं.

आक्का, दाजींचं बोट जिभेकडं गेलं तेव्हा मी समोरच चहा पीत बसलो होतो. मी ते बघितलं होतं.